चीजकेक केकात की पायात?

विचारा, सांगते : स्वयंपाकघरातल्या शंकांचं सदर

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने महाराष्ट्र दिनाला भाजलेल्या पदार्थांची स्पर्धा ठेवली होती. गट दोनच होते, ‘केक’ आणि ‘पाय व टार्ट’ (म्हणजे पारीत सारण भरून भाजलेले). बी विंगमधल्या एका वहिनींनी आंब्याचा चीजकेक केक गटात ठेवला आणि पहिला नंबर काढला. दुसरा नंबर ए विंगच्या मावा केकला. त्या काकूंनी लगेच हरकत घेतली. खाली बिस्किटाचा थर आणि वर सारण, म्हणजे हा केक नव्हेच, पाय आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलीनेही फोनवर हेच सांगितलं म्हणे. बक्षिसाचा नॉनस्टिकचा संच तेव्हापासून माझ्या माळ्यावर पडून आहे, आणि दोन्ही विंगच्या बायका भाजीवाल्याकडेसुद्धा वेगवेगळ्या वेळी जातात. मी मंडळाची सचिव. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बक्षीस चीजकेकवालीलाच द्या, आणि आजच द्या. नॉनस्टिकचा संच माळ्यावर ठेवून काही मुरत नाही. मात्र हे पान ए विंगलाही वाचायला द्या, कारण पदार्थ मुळात काय आहे या मुद्द्यावर काकूंचं पुष्कळसं बरोबर आहे.

आधी नावाचं बघू. मी मूळची अकोल्याची. वडिलांचं सरकी-ढेपेचं दुकान. आमच्या घरात ‘केक’ हा शब्द आला तो कुणाच्या वाढदिवसाला नाही, दुकानाच्या बिलबुकावर. वर इंग्रजीत छापलेलं असे, ‘कॉटन सीड अँड ऑइल केक मर्चंट’. मी तिसरी-चौथीत असेन. शाळेच्या पुस्तकातल्या केकवर मेणबत्त्या होत्या, म्हणून मी दुकानात जाऊन पोत्यांच्या थप्पीमागे केक शोधायला लागले. हमालकाकांनी एका फाटलेल्या पोत्यातून तपकिरी, कडक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. “हा घे तुझा केक. म्हशीले लय आवडते.” मी चावून पाहिला. दाताखाली आलेलं सरकीचं टरफल संध्याकाळपर्यंत निघालं नाही.

पण हमालकाकांनी मला शब्दाचा खरा अर्थ दाखवला होता, हे फार पुढे कळलं. इंग्रजीत ढेपेला केक म्हणतात. साबणाच्या वडीलाही केक म्हणतात. मासे कुस्करून थापले की फिश केक, तांदूळ दाबून बसवला की राइस केक. हा शब्द इंग्रजीत आला उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून, आणि तिथे तो होता ‘काका’. (होय, काकाच. हसून घ्या.) मैदा, अंडी, बेकिंग पावडर यांच्याशी त्याचं काही नातं नव्हतं. काहीतरी थापून, दाबून किंवा भाजून केलेली चपटी, घट्ट वस्तू, एवढाच अर्थ. आपल्याकडे तिला वस्तू पाहून कधी वडी म्हणतात, कधी ढेप. ‘चीजकेक’ हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकातला आहे, आणि बेकिंग पावडर आली एकोणिसाव्या शतकात. म्हणजे नाव पडलं तेव्हा आज वाढदिवसाला आपण कापतो तो मऊ, फुगलेला केक जन्मालाच यायचा होता. चीजकेक म्हणजे चीजची वडी, हे त्या नावाचं सरळ मराठी.

मग नावावरून पदार्थाची जात ठरवता येते का? सुरळीच्या वडीत वडी कुठे असते ते मला दाखवा. अमेरिकेत ‘बोस्टन क्रीम पाय’ नावाचा पदार्थ आहे. स्पंजचे दोन थर, मध्ये कस्टर्ड, वरून चॉकलेट. पायाचा पत्ता नाही, शंभर टक्के केक. तरी तो ‘पाय’ या नावाने १९९६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचा अधिकृत गोड पदार्थ झाला. ए विंगच्या काकूंच्या मुलीला विचारा, तिला ठाऊक असेल.

(एक बारीकशी अडचण माझीही. मी ‘पाय’ लिहिते, तेव्हा ‘ॲपल पाय’ वाचून सफरचंदाला पाय कधी फुटले असं विचारणारं पत्र येतं. ‘पाई’ लिहिलं की आणे-पैची आठवण काढणारं. म्हणून मी आता पायच ठेवलाय.)

आता बांधणी. केक आहे की नाही हे मी क्लासमध्ये बोलून सांगत नाही, सुरी घालून दाखवते. साधा केक कापला की पोटात जाळी दिसते, ताटलीत चुरा पडतो, सुरी जवळपास कोरडी बाहेर येते. मैदा आणि अंडी मिळून हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि भट्टीत ते बुडबुडे तसेच पक्के होतात. ती जाळी म्हणजेच केक. काकूंच्या मावा केकमध्ये ती नक्की असणार.

चीजकेक कापायला घ्या. प्रत्येक कापाआधी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसावी लागते, नाहीतर लोण्यासारखं चिकटून निम्मा तुकडा सुरीवरच येतो. आत जाळी नाही, चुरा नाही. माझं माप सांगते : क्रीम चीज अर्धा किलो, साखर दीडशे ग्रॅम, अंडी तीन, आणि मैदा फक्त एक मोठा चमचा. तोही नाही घातला तरी अडत नाही. हवा तर इथे नकोशीच असते. फार फेटलंत की तो भट्टीत टम्म फुगतो, बाहेर काढल्यावर खचतो आणि मधोमध भेग पडते. जो पदार्थ हवा आत गेली म्हणून बिघडतो त्याला केक कसं म्हणायचं?

मग तो आहे कोण? आपला खरवस आठवा. चिकातली प्रथिनं उष्णतेने बांधली जातात आणि पातळ दूध सुरीने कापता येईल असं घट्ट होतं. चीजकेकमध्ये तेच काम मुख्यतः अंडी करतात. दोघांची दुखणीही सारखी. खरवस जास्त उकडला की भोकं पडतात आणि ताटलीत पाणी सुटतं. चीजकेक जास्त भाजला की भेगाळतो आणि पाणी सोडतो. म्हणूनच खरवस आपण वाफेवर करतो आणि चीजकेकचं भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजतात. तर चीजकेकच्या पोटात आहे अंड्यावर बांधलेलं कस्टर्ड, खरवसाचा चुलत भाऊ.

कस्टर्ड पारीत घालून भाजलं की इंग्लंडात त्याला टार्ट म्हणतात. अमेरिकेत वरून उघडं असलं तरी त्याला पाय म्हणायची रीत आहे. तिथला लाल भोपळ्याचा पाय म्हणजेसुद्धा अंड्यावर बांधलेलं सारण उघड्या पारीत. तेव्हा काकूंची मुलगी तिच्या गावच्या रिवाजाने चुकलेली नाही. आणि हा रिवाज जुना आहे. इंग्लंडच्या राजाच्या स्वयंपाक्यांनी १३९० च्या सुमारास लिहून ठेवलेल्या पाककृतींत ‘सॅम्बोकेड’ नावाचा प्रकार आहे. पारी करायची, त्यात निथळलेला दह्यादुधाचा गोळा, साखर, अंड्याचं पांढरं आणि एल्डर नावाच्या झुडपाची फुलं घालून भाजायचं. आजच्या चीजकेकला हा आजोबा शोभतो, आणि तो पारीत बसलेला आहे.

पण त्याच्याही मागे जा. रोमन लेखक केटो याने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं. द्राक्षं कशी लावायची, ऑलिव्हचं तेल कसं काढायचं, हे सांगता सांगता मधेच हा बाबा स्वयंपाकघरात शिरतो. ‘लिबुम’ करायचं तर दोन पौंड चीज कुस्करा, एक पौंड पीठ घाला, जास्त हळुवार हवं असेल तर अर्धाच पौंड घाला, एक अंडं फोडा, गोळा पानांवर ठेवा आणि तापलेलं मातीचं भांडं पालथं घालून हळूहळू भाजा. पारी नाही. पानांवर भाजायचं म्हटलं की मला तर कोकणातल्या पानग्याच दिसतात. त्याचंच दुसरं ‘साविल्लुम’, त्यात अडीच पौंड चीजला पीठ फक्त अर्धा पौंड, पाव पौंड मध, एक अंडं. भांड्यातच भाजायचं, वर मध आणि खसखस घालायची, आणि त्याच भांड्यातून चमच्याने खायचं. याला केक म्हणा की पाय, केटोला काही फरक पडला नसता.

त्याची तिसरी कृती आहे ‘प्लॅसेंटा’, पिठाच्या पोळ्यांमध्ये चीज आणि मधाचे थर. बाळंतपणात डॉक्टर वारेला जे प्लॅसेंटा म्हणतात तो शब्द याच चपट्या पदार्थावरून घेतलाय. चहाबरोबर वाचत असाल तर माफ करा.

आता अमेरिका, कारण तुमच्या वहिनींचा चीजकेक तिथूनच आलेला. १८७० च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दूधवाल्या व्यावसायिकाने सायीचं मऊ चीज विकायला सुरुवात केली आणि १८८० मध्ये त्याला ‘फिलाडेल्फिया’ हे नाव मिळालं. पुढे न्यू यॉर्कच्या उपाहारगृहांनी त्याच चीजचा जाड, दाट चीजकेक केला. दहाएक वर्षांपूर्वी भाच्याकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा हट्टाने ब्रुकलिनमध्ये १९५० पासून चालणाऱ्या ‘ज्युनियर्स’मध्ये गेले. तुकडा आला. सवयीने मी आधी उलटा करून खालचा थर पाहिला. (भाचेसून ओशाळली. क्लासवाल्या बाईला घेऊन हॉटेलात जाऊ नये.) खाली बिस्किट नव्हतंच. पातळसा स्पंज होता, अगदी जाळीदार. म्हणजे केकवर ठेवलेला चीजकेक! आता काकूंचं ‘खाली बिस्किट म्हणून पाय’ हे इथे लागू करा बरं.

पुढे आणखी पंचाईत. स्पेनमध्ये सान सेबास्तियानच्या ‘ला विन्या’ या ठिकाणी १९९० पासून एक चीजकेक होतो, तो वरून करपलेला आणि आतून थलथलीत. त्याला खालचा थर नसतोच, फक्त कागद. पारी नाही तर पाय कसला? उलट जपानी चीजकेक घ्या. त्यात अंड्याचं पांढरं फेसून घालतात आणि तो कापसासारखा फुगतो. त्यात जाळी आहे, चुरा आहे. तो बिनदिक्कत केक. एकाच नावाखाली तीन घराणी नांदतात. मग निकाल नावाचा लावायचा की भांड्यातल्या वस्तूचा, हे स्पर्धेआधी ठरवायला हवं होतं, सचिवबाई.

हा घोळ फक्त सोसायट्यांमध्येच होतो असं समजू नका. ब्रिटनमध्ये १९९१ साली ‘जाफा केक’ हा केक की बिस्किट, यावर कराच्या न्यायाधिकरणापुढे सुनावणी झाली. चॉकलेटचा थर असलेल्या बिस्किटाला कर होता, केकला नव्हता. एक कसोटी मला फार आवडली. शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं. जाफा केक कडक होत होता. केक ठरला. आपल्याकडे २०२० मध्ये कर्नाटकात पराठा हा रोटीत मोडत नाही, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, असा निर्णय आला होता, तेव्हा देशभर किती चेष्टा झाली आठवतं ना? २०२५ च्या सप्टेंबरात रोटी आणि पराठा दोन्हींवरचा कर गेला, तेव्हा ते भांडण मिटलं. केक आणि पायाचं भांडण मात्र कराच्या बाबूंनी ठेवलेलंच नाही. ब्रेड, पेस्ट्री, केक, बिस्किटं, सगळं जीएसटीच्या यादीत १९०५ क्रमांकाच्या एकाच शीर्षकाखाली.

तुमच्या निकालात मला एवढा रस का, तेही सांगते. वीसेक वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका स्पर्धेत मी परीक्षक होते. रेल्वेत नोकरीला असलेल्या एका ओडिया कुटुंबातल्या बाईंनी केक गटात छेना पोडा, म्हणजे छेन्याचा (ओल्या पनीरचा) भाजलेला गोड पदार्थ, ठेवला होता. सालाच्या पानांत गुंडाळलेला, कडेने काळाभोर. मी पाहिलं आणि शेरा लिहिला, “ही मिठाई आहे, केक नाही.” गटातून बाद. त्याच टेबलावर, त्याच गटात परदेशातून परतलेल्या एका मुलीचा चीजकेक होता, वर डब्यातली ब्लूबेरी ओतलेली. त्याला मी दुसरा नंबर दिला.

त्या बाई काही बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी अर्धा छेना पोडा डब्यात घालून माझ्या हातात दिला. रात्री घरी कापला. छेना, साखर, थोडा रवा, वेलची. कडेची साखर जळून कॅरॅमल झालेली, मधोमध ओलसर. सुरीला चिकटत होता. जाळी नाममात्र. चीजकेकला लावलेली एकूण एक कसोटी याला लागू होत होती, फक्त याचं नाव इंग्रजी नव्हतं. आज त्या करपलेल्या स्पॅनिश चीजकेकसाठी पुण्यात लोक आठशे रुपये मोजतात, तेव्हा मला तो डबा आठवतो. डबा मी परतसुद्धा केला नाही. पत्ता नव्हता.

तेव्हा तुमचं असं करा. वहिनींनी पदार्थ त्याच्या चालू नावाच्या गटात ठेवला, तुम्ही तो घेतला, नियम कुठे लिहिलेला नव्हता. बक्षीस त्यांचं. मावा केकवाल्या काकूंना मंडळातर्फे चमच्यांचा सेट तरी द्या. मावा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहणं हे चीजकेकपेक्षा कठीण काम आहे, हे मी माझ्या नावावर सांगते. आणि पुढच्या वर्षी गटांची नावं बदला, ‘जाळीचे’ आणि ‘बिनजाळीचे’. परीक्षकांच्या हातात फक्त सुरी द्या.

प्रश्न : काकू, आमच्याकडे अंडं चालत नाही आणि ओव्हनही नाही. मी चायना ग्रास घालून फ्रीजमध्ये चीजकेक लावला, तर आत साबुदाण्यासारख्या गुठळ्या झाल्या. शिवाय जाऊबाई म्हणतात, भाजलाच नाही तर त्याला चीजकेक म्हणायचंच कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गुठळ्यांचं कारण सोपं आहे. चायना ग्रास चांगला उकळल्याशिवाय विरघळत नाही, आणि एकदा विरघळला की नुसता कोमट झाला तरी गोठायला लागतो. तुम्ही तो फ्रीजमधून काढलेल्या गार चीजमध्ये ओतलात. पडल्या जागी गोठला. चीज आणि क्रीम दोन तास आधी बाहेर काढून ठेवा. चायना ग्रास पाण्यात एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळा, मग त्यात चार चमचे चीजचं मिश्रण घालून आधी ते एकजीव करा आणि नंतर ते सगळं मोठ्या भांड्यात, एका हाताने ओतत आणि दुसऱ्या हाताने ढवळत. घाई करायची ती इथेच. जिलेटिन सोपं पडतं, पण ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, तेव्हा अंडं न चालणाऱ्या घरात त्याचा प्रश्न येतोच. पाकिटावर पाहून घ्या.

जाऊबाईंना सांगा, तळणीचा मोदक आणि उकडीचा मोदक या दोन्हींना आपण मोदकच म्हणतो. तरी त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. न भाजलेला चीजकेक थंडीने बसतो, भाजलेला अंड्याने. बाहेर उन्हात ठेवून पाहा, जिलेटिनचा तासाभरात ढासळेल आणि भाजलेला उभा राहील. मी यादीत लिहिताना ‘गार चीजकेक’ असं वेगळं लिहिते.

प्रश्न : मी सध्या स्टुटगार्टला असतो. इथले लोक क्वार्क घालून केझेकूखन, म्हणजे त्यांचा चीजकेक, करतात, तो मला आपल्या श्रीखंडाच्या जवळचा वाटला. दिवाळीत सांगलीला येणार आहे. आईला करून घालायचाय. तिथे क्वार्क मिळणार नाही, काय वापरू?
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : चक्का. तुमची जीभ बरोबर सांगतेय. क्वार्क म्हणजे आंबवून निथळलेलं दूधच. सांगलीत तुम्हाला म्हशीच्या दुधाचं चांगलं घट्ट दही मिळेल. ते बांधून टांगा, पण पंख्याखाली नाही, फ्रीजमध्ये, नाहीतर रात्रभरात आंबट होईल. वजन निम्म्याच्या आसपास उरेल. चक्का चाळणीतून घासून घ्या, पुरणयंत्र असेल तर उत्तमच. चक्का भट्टीत चीजपेक्षा लवकर फाटतो, म्हणून अर्धा किलोला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर आणि थोडी साय घाला. साखर चाखून घाला, कारण आंबटपणा दह्यागणिक बदलतो. खालचा थर जर्मन पद्धतीने लोणी-मैद्याचा करणार असाल तर तो आधी दहा मिनिटं कोरा भाजून घ्या. केशर-वेलची आईला विचारून. काही आयांना प्रत्येक पिवळ्या गोष्टीचं श्रीखंड झालेलं आवडत नाही.

एक मात्र करू नका, जे मी केलं. नव्वदच्या दशकात क्रीम चीज आमच्या वाणसामानाच्या दुकानात ऐकूनही ठाऊक नव्हतं. एका परदेशी मासिकात कृती पाहिली, ‘चीज’ हा शब्द वाचला, आणि डब्यातलं प्रोसेस्ड चीज किसून घातलं. बारा विद्यार्थिनी होत्या. अकराजणींनी शेवटपर्यंत खाल्लं आणि ‘वेगळं लागतं’ म्हणाल्या. बारावीने पाणी मागितलं. ती आज सगळ्यात चांगली बेकर आहे.

प्रश्न : एका बेकरीत चीजकेक म्हणून दीडशे रुपयांना काचेच्या कपात काहीतरी दिलं. चीजची चवच नव्हती, नुसतं गोड क्रीम आणि बिस्किटाचा भुगा. हे खरंच चीजकेक होतं का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. केकही नाही, पायही नाही. कप चांगला असेल तर धुऊन ठेवा.

प्रश्न : ताई, मी आंब्याचा चीजकेक केला होता. चव सगळ्यांना आवडली, बक्षीसही मिळालंय (म्हणजे मिळणार आहे), पण खालचा बिस्किटाचा थर ओला होऊन ताटलीला चिकटून बसला. परीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं. काय चुकलं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पत्रावरच्या सोसायटीचं नाव ओळखीचं वाटलं. असो, मी कुणाला सांगणार नाही.

तुमच्या हातून तीनपैकी काहीतरी झालं असेल. पहिलं, मारी बिस्किटं जाडसर राहिली. ती मिक्सरमध्ये रव्याइतकी बारीक हवीत, मग दोनशे ग्रॅमला नव्वद ग्रॅम वितळलेलं लोणी पुरतं. मुठीत दाबल्यावर मूठ बसली पाहिजे, लाडू वळण्याआधी आपण बघतो तशी. दुसरं, थर कच्चाच ठेवून वर मिश्रण ओतलंत. तो वाटीच्या बुडाने दाबून बसवा, १७० अंशांवर दहा मिनिटं भाजा, गरम असतानाच वर अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवा आणि आणखी दोन मिनिटं ठेवा. तो पापुद्रा ओल अडवतो. तिसरं, आणि माझा संशय इथेच आहे : सुट्या तळाचं भांडं तुम्ही पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवलंत आणि बाहेरून फॉइल एकपदरी गुंडाळलंत. पाणी सांध्यातून आत येतं. रुंद फॉइल दोनदा गुंडाळा, नाहीतर ते भांडं एक इंच मोठ्या साध्या केकच्या भांड्यात बसवा आणि मग दोन्ही पाण्यात ठेवा.

आणि आंब्याचा रस चीजमध्ये घालण्याआधी जाड बुडाच्या भांड्यात निम्मा होईपर्यंत आटवा. हापूसच्या रसात पाणी किती असतं ते तो आटवायला बसल्याशिवाय कळत नाही. आटला की पूर्ण गार करा, मगच मिसळा. भट्टी १६० वर, साधारण पंचावन्न मिनिटं. कडा बसलेल्या आणि मधला तळहाताएवढा भाग भांडं हलवल्यावर थरथरायला हवा. तेव्हाच भट्टी बंद करून दाराला लाकडी उलथनं लावून ठेवा, तासभर. नंतर रात्रभर फ्रीज. सकाळी कापा, सुरी गरम पाण्यात बुडवून. पहिला तुकडा ए विंगमध्ये पाठवा. काकू तो उलटा करून खालचा थर बघतीलच.